विमान जमिनीवर असताना

आम्ही हिवरे बाजारहून बोलतोय. दर वेळी आम्ही गटाच्या हिशेबाचं, दुधाचं, नाहीतर पाण्याच्या ताळेबंदाचं बोलतो. आज विमानाचं बोलणार आहोत. हसू नका. विमान आमच्या गटाच्या बैठकीतच येऊन उतरलं, त्याला आमचा इलाज नव्हता.

झालं असं, की आमच्यातल्या एका ताईंनी कर्जाचा अर्ज दिला. शेळ्या, शिलाई मशीन, गिरणी, दवाखाना, असे अर्ज आम्हाला नवे नाहीत. हा अर्ज होता मुलीच्या हवाई सुंदरीच्या कोर्ससाठी. मुलगी बारावी झालेली, चुणचुणीत. शहरातल्या एका संस्थेचं गुळगुळीत पत्रक तिनं आणलं होतं, त्यावर लाल साडीतली हसरी मुलगी. फी एक लाख वीस हजार. आमच्या गटाला ही रक्कम म्हणजे चेष्टा नाही.

पैशाचं बोलणं सुरू व्हायच्या आधीच एका आजींनी विचारलं, "आगं, पण ते वरून पडलं म्हंजी?" यावर दुसऱ्या काकू म्हणाल्या, "वरून पडायचं राहू द्या. औरंगाबादला तर ते धड वर गेलंच नव्हतं."

काकूंचं खरं आहे. आमच्या भागातल्या मोठ्या माणसांना ती गोष्ट आठवते. 26 एप्रिल 1993. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचं विमान मुंबईला निघालं होतं. आत 118 माणसं. धावपट्टी संपते तिथं पलीकडून बीडचा रस्ता जातो, आणि त्या रस्त्यावरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. विमान उचलायला उशीर झाला, ते ट्रकला धडकलं, मग विजेच्या तारांत गेलं आणि पेटलं. 55 माणसं गेली. चौकशीत पायलटांची चूक निघाली, आणि विमान सुटायच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक अडवली नव्हती हेही निघालं. रेल्वेला फाटक असतं, पण तिथं विमान जाताना ट्रक थांबवणारं कुणी नव्हतं.

काकूंच्या त्या एका वाक्यानं आम्हाला कामाला लावलं. जिला आपण पैसे देणार ती पोरगी नेमकं काय काम करणार, त्यात धोका कुठला, हे माहीत नको का? शेळीला कर्ज देताना आपण गोठा बघतो, विमा उतरवलाय का विचारतो. मग आम्ही वाचायला लागलो. वाचलं त्यातलं जे मनात राहिलं ते सांगतो.

पहिली गोष्ट. विमानाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा अपघात आकाशात झालेलाच नाही. 27 मार्च 1977 ला स्पेनच्या तेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन जंबो विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. एक उडायला धावत होतं, दुसरं त्याच पट्टीवरून हळूहळू चाललं होतं. 583 माणसं गेली. आजी आभाळाकडं बघत होत्या, आणि गोष्ट पायाखालची निघाली.

विमान जमिनीवरून हळूहळू चालतं त्याला त्यांच्यात 'टॅक्सी' म्हणतात. आपली टॅक्सी म्हणजे नगरच्या स्टँडबाहेर उभी असते ती, ही वेगळी. आता गंमत बघा. ट्रॅक्टरचं इंजिन चाकं फिरवतं. विमानाच्या चाकांना इंजिन जोडलेलंच नसतं. वरचं इंजिन हवा जोरानं मागं फेकतं आणि त्या रेट्यानं विमान पुढं सरकतं. इंजिन अगदी मंद ठेवलं तरी रेटा चालूच राहतो, आणि वेग वाढत जातो. म्हणून पायलटला जमिनीवर चालताना पुन्हापुन्हा ब्रेक लावावा लागतो.

आणि ब्रेक म्हणजे काय, तर घासणं. दोन्ही तळहात एकमेकांवर जोरात घासून बघा, चटका बसतो. भरलेली ट्रॉली घेऊन घाट उतरताना सारखा ब्रेकवर पाय ठेवला की करपल्याचा वास येतो, तो आपल्या घरच्या ड्रायव्हरांना विचारा. विमानाचं वजन तर टनांत मोजायचं. त्यात आणखी एक खोड अशी, की विमान थांबल्यावर ब्रेक लगेच निवत नाही. आतली उष्णता चाकाच्या रिंगकडं आणि टायरकडं सरकत राहते. चूल विझवल्यावरही तवा भाजतोच की.

टायर तापून फुटला तर तो बॉम्बसारखा फुटतो. म्हणून विमानाच्या चाकात एक छोटं बूच बसवलेलं असतं, ठराविक उष्णतेला वितळणारं. ते वितळलं की टायरमधला वायू हळूच निघून जातो. ऐकल्याबरोबर आमच्या सचिव वहिनी म्हणाल्या, "म्हणजे कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्हच की!" अगदी तोच. तापलेल्या चाकाजवळ जायचं झालं तर पुढून किंवा मागून जायचं, बाजूनं कधीच नाही, कारण फुटलं तर तुकडे बाजूला उडतात.

हे सगळं शहाणपण आज पुस्तकात आहे. ते पुस्तकात येण्याआधीची एक गोष्ट आहे, आणि ती वाचून आम्ही दोन दिवस अस्वस्थ होतो.

स्वित्झर्लंड देशात झुरिक शहराजवळ हुमलिकोन नावाचं एक लहानसं गाव आहे. 1963 साली गावाची लोकसंख्या होती 217. शेतकऱ्यांचं गाव. त्या वर्षी 4 सप्टेंबरला गावातली 43 माणसं जिनिव्हाला शेतीचे प्रयोग बघायला निघाली. विमानानं जायचं होतं. कितीतरी नवरा-बायको जोडीनं निघाले होते. गावाचा कारभार बघणारे पंचही त्यांच्यातच होते.

मैत्रिणींनो, आमच्या गावात वर्षभर अशी माणसं येतात. कुठून कुठून गाड्या भरून येतात, बंधारे बघतात, पोपटराव पवारांचं बोलणं ऐकतात, पाण्याचा ताळेबंद वहीत उतरवून घेतात. त्यांना चहा देताना आम्ही विचारतो, पहाटे किती वाजता निघालात, घरी म्हशीचं कोण बघतंय. अभ्यास दौऱ्याला निघालेली शेतकरी माणसं कशी दिसतात हे आम्हाला चांगलं ठाऊक आहे. नव्यासारखे जपलेले कपडे, डब्यात बांधलेलं खाणं, थोडी धास्ती, बरीच हौस. हुमलिकोनची माणसं वेगळी दिसत असतील असं आम्हाला वाटत नाही.

त्या सकाळी झुरिकच्या विमानतळावर दाट धुकं होतं. पायलटांनी ठरवलं, की आधी विमान धावपट्टीवर अर्ध्यापर्यंत चालवत न्यायचं, धुकं किती आहे ते बघायचं आणि परत यायचं. नेताना इंजिनाचा जोर मोठा ठेवला, म्हणजे त्या गरम हवेनं धुकं पांगेल. आता विचार करा. इंजिनाचा जोर मोठा आणि तरी विमान हळू चालवायचं, म्हणजे ब्रेक दाबून धरलेला. जाताना आणि येताना चाकं तापत राहिली. विमानातल्या कुणाला त्याचा पत्ता लागला नाही. मग विमान रीतसर उडालं, चाकं पोटात ओढून घेतली गेली. चाकाची रिंग तापून फुटली होती, तिचे तुकडे मागाहून धावपट्टीवर सापडले. यंत्रातलं तेल गळलं आणि पोटातच आग लागली. सव्वासहाच्या आत निघालेलं विमान सहा बावीसला ड्युरेनेश नावाच्या दुसऱ्या एका खेड्याजवळ कोसळलं. 74 प्रवासी आणि 6 कर्मचारी, एकही वाचला नाही.

हुमलिकोनमधलं पाचातलं एक माणूस एका सकाळीत गेलं. पीक शेतात उभं होतं. बाहेरगावचे स्वयंसेवक येऊन राहिले, त्यांनी त्या गावची शेतं आणि गोठे सांभाळले. मागं राहिलेल्या पोरांचं पुढं काय झालं असेल, हा विचार आमच्यातल्या प्रत्येकीच्या मनात येऊन गेला, आणि कुणी तो मोठ्यानं बोललं नाही.

चौकशी समितीनं कारण लिहिलं: जमिनीवर चालताना ब्रेक अतोनात तापले. एवढंच. वर गेल्यावर त्या विमानानं कसली चूक केली नव्हती. जे घडलं त्याचं मूळ जमिनीवरच्या काही मिनिटांत होतं. आज बऱ्याच मोठ्या विमानांत ब्रेक किती तापलाय ते पायलटला समोर दिसतं, आणि तो निवल्याशिवाय निघायचं नाही असा दंडक आहे.

पण दिसून भागत नाही. 11 जुलै 1991 ला सौदी अरेबियातल्या जेद्दाहहून हजचे यात्रेकरू घेऊन एक विमान निघालं. त्याच्या टायरांत वायू कमी आहे हे मेकॅनिकला माहीत होतं. भरायला वेळ लागणार होता, वेळापत्रक पाळायचं होतं, म्हणून वरच्यानं तसंच पाठवलं. मऊ टायर तापला, फुटला, पेटला. 261 माणसं गेली. पहिल्या गोष्टीत कुणाला ठाऊकच नव्हतं, दुसरीत ठाऊक असून थांबवलं नाही. आम्हाला दुसरी जास्त लागली.

आता त्या लाल साडीतल्या मुलीकडं येऊ. एसटीची कंडक्टरताई तुम्ही रोज बघता. गाडी चालू, ती उभी, एका हातात मशीन, एका हातात सुटे पैसे. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला की आपण समोरच्या दांडीला धरतो. तिचे दोन्ही हात अडकलेले. विमान जमिनीवर चालतं तेव्हा केबिन क्रूची गत तशीच. प्रवासी पट्टे बांधून बसलेले, आणि त्या वाटेत उभ्या: कुणाचा पट्टा बघतात, कुणाची पिशवी वर सारतात, दरवाजे कुठं आहेत ते हातवारे करून दाखवतात. समोर दुसरं विमान आलं, गाडी आडवी गेली, पायलटनं ब्रेक मारला, तर आधी पडते ती उभी असलेली बाई. मागं खाण्याची ट्रॉली असते, भरली की माणसाला लोळवील इतकी जड. तिलाही पायानं दाबायचा ब्रेक असतो, लाल पट्टी दाबली की लागतो आणि हिरवी दाबली की सुटतो. तो लावायचा राहिला तर ट्रॉलीच अंगावर येते.

म्हणून अमेरिकेच्या नियमात लिहून ठेवलंय, की विमान जमिनीवर हलत असताना क्रूनं आपल्या जागी पट्टा लावून बसायचं. उठायचं ते फक्त सुरक्षेच्या कामासाठी. चहा-पाण्यासाठी नाही. भिंतीला लागून जी घडीची खुर्ची असते ना, खांद्यावरून पट्टे येणारी, ती त्यांची जागा. ती खुर्ची त्यांना आराम करायला दिलेली नाही. अचानक विमान थांबवायची वेळ आली, आग लागली, तर दरवाजा उघडणारी बाई जागेवर आणि धडधाकट असली पाहिजे. नवं विमान वापरात आणायच्या आधी अर्धे दरवाजे बंद ठेवून सगळी माणसं 90 सेकंदांत बाहेर निघतात हे दाखवून द्यावं लागतं. नव्वद सेकंदांत आपल्याकडं दुधाचं एक कॅन मोजून होत नाही. कुठल्या बाजूला आग आहे ते खिडकीतून बघून, त्या बाजूचा दरवाजा बंद ठेवून, दुसरा उघडायचा हे तिनं ठरवायचं.

थोडं मागं जाऊ. 15 मे 1930 ला अमेरिकेत एलन चर्च नावाची बाई विमानात कामाला लागली, जगातली पहिली. ती शिकलेली परिचारिका होती. म्हणजे सुरुवात झाली ती माणसांची काळजी घेणाऱ्या बाईपासून, 'सुंदरी'पासून नव्हे. आपल्याकडं 'हवाई सुंदरी' हा शब्द कुणी काढला देवाला ठाऊक. कंडक्टरला कुणी 'रस्ता सुंदरी' म्हणत नाही.

या शब्दानं बायकांचं नुकसानही केलं. मुंबईच्या एअर इंडियात नियम होता: हवाई सुंदरीनं वयाच्या 35 व्या वर्षी घरी जायचं, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर तेव्हा, किंवा पहिल्यांदा दिवस गेले की तेव्हा, यातलं जे आधी येईल ते. त्याच विमानातल्या पुरुषांना हे लागू नव्हतं. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी बायका याविरुद्ध लढल्या. 1981 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं गरोदरपणाचा नियम रद्द केला. चार वर्षं लग्न न करण्याचा मात्र ठेवला, आणि 35 नंतर मुदत वाढवण्याचा साहेबाचा मनमानी अधिकार काढून घेतला. अर्धीच भाकरी मिळाली. उरलेली मिळायला आणखी वर्षं गेली.

याचा ब्रेकशी काय संबंध? आहे. 15 ऑक्टोबर 2018 ला सकाळी मुंबई विमानतळावर दिल्लीला निघायच्या विमानाचा दरवाजा लावताना केबिन क्रूमधल्या एक बाई खाली पडल्या. मोठ्या विमानाचा दरवाजा माडीच्या उंचीवर असतो. पायाची हाडं मोडली. विमान तेव्हा जागेवर उभंच होतं. त्या बाईंचं वय होतं 53. जुना नियम असता तर अठरा वर्षं आधीच त्यांना घरी बसवलं असतं. आणि अनुभवी बाईचाही तोल जातो, तर नव्या पोरीला कुणी दरवाजात सावध उभं राहायला शिकवलंय का, हे विचारायलाच हवं.

मुंबईतच 16 डिसेंबर 2015 ला संध्याकाळी हैदराबादला निघालेलं विमान ट्रॅक्टरनं मागं ढकलून सोडत होते. खाली जमिनीवर एक तंत्रज्ञ उभा होता. इशाऱ्याची गल्लत झाली, वरच्याला वाटलं रस्ता मोकळा आहे, आणि विमान चाललं. चालू इंजिनानं त्या माणसाला ओढून घेतलं. जास्त सांगत नाही. एवढंच, की दोघांमधला इशारा पक्का नसेल तर जमिनीवरही माणूस जातो. विहिरीवर मोटर चालू करणारा आणि विहिरीत उतरलेला, यांच्यात जसा पक्का आवाज ठरलेला लागतो तसंच.

शेवटची गोष्ट कॅनडातली, 10 मार्च 1989 ची. ड्रायडन गावच्या विमानतळावर बर्फ पडत होतं. विमान निघायच्या तयारीत असताना केबिन क्रूच्या बाईनं खिडकीतून पाहिलं, पंखावर ओला बर्फ साचलाय. पंखावर बर्फ असलं की विमान नीट उचलत नाही. तिला ते खटकलं. पण ती पायलटला बोलली नाही. पायलटला ठाऊकच असणार, आपण सांगितलेलं त्यांना रुचायचं नाही, विमान चालवायच्या कामात आपण पडायचं नसतं, असं तिच्या मनावर ठसलं होतं. विमान उडालं आणि लगेच झाडांत गेलं. 69 पैकी 24 माणसं गेली. ती वाचली आणि चौकशीपुढं तिनं हे सगळं सांगितलं.

हे वाचून झालं तेव्हा आमच्या बैठकीत बराच वेळ कुणी बोललं नाही. आपल्यातली कोण ग्रामसभेत अशीच गप्प बसली नाही? पाइपलाइन गळतेय हे दिसतं, पण वायरमन, ग्रामसेवक, कुणीतरी बघतच असेल की.

आता विमान कंपन्या पायलट आणि क्रूला एकत्र बसवून शिकवतात, की काही वेगळा आवाज आला, वास आला, धूर दिसला, चाकाकडं ठिणगी दिसली, तर मागच्या बाईनं लगेच पुढं कळवायचं आणि पुढच्यानं ऐकायचं. तेनेरिफनंतर हे शिक्षण सुरू झालं. पायलटला स्वतःच्या विमानाची चाकं आपल्या खुर्चीतून दिसत नाहीत, पंखही मोठ्या विमानात धड दिसत नाहीत. ते मागच्या खिडकीतल्या बाईला दिसतात.

मग कर्जाचं काय झालं? आम्ही त्या संस्थेला फोन लावला. पत्रकावर 'नोकरीची हमी' छापली होती. आम्ही म्हटलं, तेवढं कागदावर लिहून सही करून द्या. "मॅडम, असं लिहून देता येत नाही," म्हणे. दरवाजा कसा लावायचा, आग लागली तर काय, याचं शिक्षण किती दिवस, हे विचारलं तर त्यांनी मेकअपचं आणि बोलण्या-चालण्याचं सांगितलं. मग आणखी चौकशी केली तेव्हा कळलं, की विमान कंपन्या बारावी झालेल्या मुली मुलाखतीतून थेट निवडतात, आणि सुरक्षेचं शिक्षण निवडल्यावर स्वतः देतात. हा महागडा कोर्स केलाच पाहिजे असा नियम नाही.

गटानं एक लाख वीस हजार नाकारले. इंग्रजी बोलायच्या क्लाससाठी आणि पुण्या-मुंबईला मुलाखतींना जायच्या खर्चासाठी पंचवीस हजार मंजूर केले. पोरगी दोन दिवस आमच्याशी बोलली नाही. तिची आईही जरा फुगली होती.

या महिन्याच्या बैठकीला पोरगी आपणहून आली. त्याच आजींनी तिला समोर उभं केलं आणि विचारलं, "विमान चालतंय, तू उभी हायेस, आन् त्यानं कचकन ब्रेक दाबला. म्हाताऱ्या बाईला धरशील का पोराला?"

पोरगी म्हणाली, "आजी, विमान हलायला लागल्यावर मी उभी राहतच नाही. माझं बघून झालं, की मी आधी माझ्या जागेवर बसते आणि पट्टा लावते. मीच पडले तर दरवाजा कोण उघडणार?"

आजींनी मान हलवली आणि वहीत अंगठा उठवला. पहिला हप्ता पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला आहे.